उघड्यावर मोठे सार्वजनिक शिल्प उभारताना: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

मोठ्या सार्वजनिक शिल्पाचे पहिले काम हाती आले तेव्हा माझ्याकडे आकार तयार होता, बाकी काहीच तयार नव्हते. कांचनाच्या झाडाची वाळून तडकलेली, पिळवटलेली शेंग पोलादात उंच उभी करायची आणि तिच्या आतल्या बाजूला परिसरातील लोकांनी हाताने घडवलेल्या मातीच्या फरश्या बसवायच्या, एवढीच कल्पना होती. ती शेंग आज उभी आहे. परंतु ती उभी राहीपर्यंत मला जे शिकावे लागले त्यातील बहुतेक भाग जमीन, पाणी, वारा आणि माणसे यांच्याविषयीचा होता. कामांचा क्रम चुकल्यामुळे दोन गोष्टी मला पुन्हा कराव्या लागल्या. खालचा क्रम त्या चुकांनंतर बसवलेला आहे.

१. आधी जागेवर जाऊन बसा

जागा पाहणे म्हणजे एकदा जाऊन छायाचित्रे काढणे नव्हे. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लागल्यावर, सुटीच्या दिवशी आणि कामाच्या दिवशी, असे किमान आठ-दहा वेळा तेथे जाऊन बसावे. माणसे कोणत्या वाटेने जातात (आखलेल्या पायवाटेने फार थोडी जातात), सावली कोठे पडते, वारा कोणत्या बाजूने येतो आणि मुले कशावर चढतात, हे वहीत टिपत जावे. मी काठ्या आणि दोरी लावून शिल्पाचा घेर जमिनीवर आखत होतो, तेव्हा रोज तेथे झाडलोट करणारे गृहस्थ हातातला झाडू टेकवून थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “साहेब, पावसात इथे घोट्याएवढं पाणी असतं. दोन दिवस हलत नाही.” माझ्याकडच्या नकाशात त्या उताराचा मागमूस नव्हता. आम्ही जागा अकरा मीटर वर सरकवली. ते वाक्य कानावर आले नसते तर पायाचा चबुतरा दर पावसाळ्यात डबक्यात उभा राहिला असता.

जमिनीच्या पोटात काय आहे याची चौकशीही याच टप्प्यावर करावी. पाण्याची नळी, सांडपाण्याची वाहिनी, वीज आणि दूरसंचाराच्या तारा यांचे नकाशे संबंधित यंत्रणांकडून लेखी मागवावेत आणि नकाशावर पूर्ण विश्वास न ठेवता प्रत्यक्ष एखादा खड्डा हाताने खणून खात्री करून घ्यावी. जवळ मोठे झाड असेल तर त्याच्या मुळांचा विस्तारही पाहावा. निसर्गावरून सुचलेल्या शिल्पाच्या पायासाठी जिवंत झाडाची मुळे तोडणे यासारखी विसंगती दुसरी नाही.

२. लोकांना वेळेवर विचारा, आणि योग्य ते विचारा

नवखे शिल्पकार बहुधा आराखडा पूर्ण झाल्यावर सभा बोलावतात आणि लोकांना रंग निवडायला सांगतात. अशा वेळी आपल्याला केवळ होकारासाठी बोलावले आहे हे लोकांना लगेच कळते. सभा आकार ठरण्यापूर्वी घ्यावी आणि तीत “तुम्हाला कसले शिल्प हवे?” हा प्रश्न विचारू नये. त्याला उत्तर म्हणून नेहमीचे पाच-सात आकार येतात आणि मग नाही म्हणण्याची पाळी आपल्यावर येते. त्याऐवजी या जागेवर पूर्वी काय होते, येथे तुम्ही कोणाची वाट पाहता, येथले काय गेले तर चुकल्यासारखे वाटेल, असे विचारावे. आमच्या बैठकीत तीन वेगवेगळ्या माणसांनी पाडून टाकलेल्या एकाच कांचनाची आठवण काढली. शेंगेला मुळात आधार मिळाला तो तेथे.

लोकांना डावलल्याची किंमत किती मोठी असू शकते, याचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकन शिल्पकार रिचर्ड सेरा यांच्या ‘टिल्टेड आर्क’चे आहे. न्यूयॉर्कच्या फेडरल प्लाझामध्ये १९८१ साली उभारलेली ही सुमारे साडेछत्तीस मीटर लांब आणि साडेतीन मीटरहून उंच पोलादी भिंत चौकाच्या ऐन मधून जात होती. तेथे रोज काम करणाऱ्यांनी तक्रारी केल्या, १९८५ मध्ये जाहीर सुनावणी झाली आणि १९८९ मध्ये ती कापून हलवण्यात आली. सेरा यांचे म्हणणे असे होते, की हे शिल्प त्याच जागेसाठी घडवलेले असल्यामुळे तेथून हलवणे म्हणजे ते नष्ट करणे होय. कलेच्या दृष्टीने त्यांचा मुद्दा मला पटतो. पण ज्यांना रोज त्या भिंतीला वळसा घालावा लागत होता त्यांचाही पटतो.

याउलट विरोध झाला म्हणून कल्पना वाईट ठरते असेही नाही. शिल्पकार अँटनी गॉर्मली यांच्या इंग्लंडमधील गेट्सहेड येथील ‘एंजल ऑफ द नॉर्थ’ या पंख पसरलेल्या पोलादी मानवाकृतीला उभारणीपूर्वी बराच विरोध झाला होता; १९९८ मध्ये ते उभे राहिल्यानंतर काही वर्षांत ते त्या प्रदेशाची ओळख बनले. म्हणून सभेत आलेल्या आक्षेपांचे दोन भाग करावेत: वापराविषयीचे आणि आवडीविषयीचे. वापराविषयीचा प्रत्येक आक्षेप गंभीरपणे घेऊन त्याचे उत्तर आराखड्यात द्यावे. आवडीविषयीचे आक्षेप शांतपणे ऐकून घ्यावेत.

३. निसर्गाची नक्कल करू नका, त्याची रचना समजून घ्या

पान, फूल किंवा पक्षी केवळ मोठा करून ठेवला की तो बहुधा जाहिरातीच्या फलकासारखा दिसतो. जी वस्तू निवडाल ती तशी का आहे याचा शोध घ्यावा. कांचनाच्या शेंगेच्या भिंतीत परस्परांना तिरके छेदणाऱ्या तंतूंचे दोन थर असतात; वाळताना ते निरनिराळ्या दिशांनी आखडतात, ताण वाढत जातो आणि शेंग तडकून तिची दोन्ही दले पिळवटत बिया दूर फेकतात. चाळीसएक शेंगा महिनाभर टेबलावर वाळत ठेवून मी हे पाहिले आणि एकदा मध्यरात्री त्यांतली एक फुटल्याच्या आवाजाने दचकून उठलोही. त्या निरीक्षणाचा पुढे रोकडा फायदा झाला. सपाट पत्र्यापेक्षा पिळलेला पत्रा कितीतरी ताठ राहतो, त्यामुळे आतला सांगाडा हलका करता आला. निसर्गातील आकार हे बहुतेक वेळा कमी साहित्यात भार पेलण्याची युक्ती असतात. ती युक्ती उचलली तर शिल्प आपोआप त्या वस्तूसारखे दिसू लागते.

४. लहान प्रतिकृती फसवते

माती, मेण किंवा पुठ्ठा यांची १:२० आणि मग १:१० प्रमाणातील प्रतिकृती करावी, याविषयी दुमत नाही. मात्र टेबलावर उभी राहिलेली प्रतिकृती मोठेपणी उभी राहीलच असे समजू नये. सर्व मापे दुप्पट केली की पृष्ठभाग चौपट होतो आणि वजन आठपट. म्हणजे १:१० प्रतिकृतीवरून त्याच साहित्याची, सर्व मापे दहापट असलेली वस्तू केली तर तिचे वजन हजारपट होईल, तर ते पेलणाऱ्या सळईच्या छेदाचे क्षेत्रफळ मात्र शंभरपटच वाढेल. बोटाने दाबूनही न वाकणारी पुठ्ठ्याची कमान पोलादात स्वतःच्याच भाराने ओणवी होते ती यामुळे.

दृष्टीचाही घोटाळा होतो. प्रतिकृती आपण वरून पाहतो आणि प्रत्यक्ष शिल्प खालून पाहिले जाते, त्यामुळे वरचे भाग अपेक्षेपेक्षा लहान व मागे कललेले दिसतात. प्रतिकृती स्टुलावर ठेवून डोळा तिच्या पायथ्याशी नेऊन पाहण्याची सवय लावावी. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे बांबू आणि जुन्या चादरी बांधून पूर्ण मापाचा ढोबळ आकार जागेवर एक दिवस उभा करणे. एवढ्या कमी खर्चात एवढे शिकवणारे दुसरे काही मला माहीत नाही. आमची शेंग पूर्वी साडेसात मीटरची होती. त्या दिवसानंतर ती सहा मीटरची झाली.

५. अभियंता, वारा आणि पाया

स्ट्रक्चरल इंजिनिअरला आकार निश्चित झाल्यावर न बोलावता आकार घडत असतानाच सोबत घ्यावे. उशिरा आलेला अभियंता केवळ खांब वाढवू शकतो, वेळेवर आलेला आकार सुधारू शकतो.

उघड्यावरच्या शिल्पाचा खरा शत्रू बहुधा वजन नसून वारा असतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी १६० किलोमीटर वेगाचा वारा त्याला आडव्या येणाऱ्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण १२० किलो वजनाएवढा रेटा देतो आणि आकारानुसार तो कमी-जास्त होतो. ‘एंजल’चे पंख ५४ मीटर रुंद आहेत, उंची २० मीटर आणि वजन २०० टन, ते ताशी १६० किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे सोसेल असे बांधले असून त्यासाठी काँक्रीटचे खांब जमिनीत २० मीटर खोल उतरवलेले आहेत. डोळ्यांना दिसणाऱ्या उंचीएवढेच शिल्प जमिनीखाली आहे, हे तेथे अक्षरशः खरे आहे.

सडपातळ आणि टोकदार भागांना आणखी एक धोका असतो. वारा त्यांच्या दोन्ही बाजूंनी आळीपाळीने भोवरे सोडतो, ते भाग थरथरतात आणि वेल्डिंगचे सांधे दिवसेंदिवस थकत जातात. मँचेस्टरमधील ‘बी ऑफ द बँग’ हे ५६ मीटर उंचीचे, १८० पोलादी काट्यांचे शिल्प २००५ मध्ये खुले होण्याच्या आधीच एका काट्याचे टोक निखळून पडले. पुढे आणखी काटे धोकादायक ठरले आणि २००९ मध्ये ते उतरवावे लागले. आपल्या शिल्पात फांद्या, तुरे, पाती असतील तर अभियंत्याला “हे थकेल का?” असा थेट प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

पायाच्या बाबतीत मातीची चाचणी टाळू नये. काँक्रीट अपेक्षित ताकदीला येण्यासाठी २८ दिवसांचा हिशेब धरतात. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून हा काळ कापण्याचा आग्रह होतो, त्याला बळी पडू नये. शिल्प पायाला जखडणारे फाउंडेशन बोल्ट काँक्रीटमध्ये बसवताना बेस प्लेटच्या, म्हणजे शिल्पाच्या तळाच्या जाड पत्र्याच्या, मापाचा लाकडी किंवा लोखंडी साचा वापरावा, कारण चार बोल्टांपैकी एक सेंटिमीटरभर सरकला तरी क्रेनला शिल्प लटकत असताना भोके जुळत नाहीत आणि सगळे जण आपल्या तोंडाकडे पाहत राहतात.

६. साहित्याची निवड

वेदरिंग स्टील, म्हणजे गंजाचाच घट्ट थर धरून पुढचा गंज मंद करणारे पोलाद, मातीच्या रंगामुळे निसर्गाशी नाते सांगणाऱ्या शिल्पांसाठी फार आवडीने वापरतात. ते भिजून पुन्हा वाळत राहिले तरच हा थर नीट धरतो. पाणी साचून राहिले किंवा समुद्राची खारी हवा लागली तर ते साध्या लोखंडासारखे कुजते. सुरुवातीची काही वर्षे त्यातून तांबूस पाणी ओघळते आणि खालच्या फरशीवर जे डाग पडतात ते घासून जात नाहीत. म्हणून पायथ्याशी खडी किंवा मातीचा पट्टा ठेवावा. स्टेनलेस स्टील टिकते, पण त्यावर बोटांचे ठसे आणि ओरखडे उठून दिसतात; शिवाय चकचकीत अंतर्वक्र पृष्ठभाग ऊन एका जागी एकवटतो. लंडनमध्ये २०१३ साली एका अंतर्वक्र काचेच्या उंच इमारतीने एकवटलेल्या उन्हात खाली उभ्या असलेल्या मोटारीचे भाग वितळले होते. ब्राँझला तोड नाही, मात्र मेणाचा नमुना वितळवून तयार केलेल्या साच्यात ओतकाम करणे महाग आणि वेळखाऊ असते. फायबरग्लास हलके व स्वस्त पडते, परंतु उन्हाने त्याचा वरचा थर निस्तेज होऊन भुरभुरतो. दगड आणि काँक्रीट यांना देखभाल कमी लागते.

दोन निरनिराळे धातू एकमेकांना थेट टेकवू नयेत. ओलावा मिळाला की त्यांतला एक दुसऱ्यासाठी झिजू लागतो. ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’च्या २.४ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या कातडीमागे लोखंडी पट्ट्या होत्या. मधला विलग ठेवणारा थर खराब झाल्यावर त्या इतक्या गंजल्या, की १९८४ ते १९८६ च्या दुरुस्तीत त्यांच्या जागी स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. याशिवाय धातू उन्हाने वाढतो: दहा मीटर लांबीचे साधे पोलाद ४० अंशांच्या फरकाने सुमारे पाच मिलिमीटर, तर स्टेनलेस स्टील सुमारे सात मिलिमीटर वाढते. म्हणून जोडाची भोके गोल न ठेवता काही ठिकाणी लांबट ठेवतात.

आणि पाणी. ज्या ज्या ठिकाणी आकार वाटीसारखा होतो त्या प्रत्येक ठिकाणी निचऱ्याची वाट हवी. माझ्या शेंगेच्या तळाशी मी १२ मिलिमीटरचे एक भोक ठेवले होते आणि त्याचा मला अभिमानही होता. पहिल्याच पावसात त्यावर एक वाळके पान चपखल बसले, आत गुडघाभर पाणी साचले आणि आठवड्याने त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. उभ्या शिल्पाच्या तळाला ग्राइंडरने पाच सेंटिमीटर रुंदीची खाच पाडण्याचे काम मी पाठीवर आडवा होऊन, ते गढूळ पाणी अंगावर घेत केले.

७. लोकांच्या हातचे काम शिल्पात बसवणे

लोकसहभाग फलकावर नावे कोरण्यापुरता ठेवायचा नसेल तर लोकांनी घडवलेली वस्तू शिल्पाचा खरा भाग व्हायला हवी. लॉस एंजेलिसमधील ‘वॉट्स टॉवर्स’ हे मनोरे सायमन रोडिया यांनी १९२१ ते १९५४ या काळात जवळजवळ एकट्याने बांधले. त्यांच्या पृष्ठभागावर फुटक्या बशा, बाटल्यांच्या काचा आणि शिंपले जडवलेले आहेत, आणि त्यांतले कितीतरी तुकडे शेजारच्या मुलांनी गोळा करून आणलेले होते. पालिकेने ते पाडायला काढले तेव्हा १९५९ मध्ये त्यांच्यावर भार देऊन चाचणी घेण्यात आली. मनोरे हलले नाहीत, ओढणारे यंत्रच हरले.

मातीच्या फरश्या करणार असाल तर तीन गोष्टी सांभाळाव्यात. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणून साचा त्या मानाने मोठा घ्यावा आणि आपल्या मातीची चाचणी आधी करावी. जाड आणि अर्धवट वाळलेली फरशी भट्टीत वाफेने फुटते, म्हणून जाडी दीड सेंटिमीटरच्या आत ठेवून घाई न करता वाळवावी. आणि प्रत्येकाला दोन फरश्या करायला सांगाव्यात. मी एकच सांगितली होती. पहिल्या भट्टीत एकतीस फरश्या फुटल्या आणि त्यांतली एक आठ वर्षांच्या मुलीची होती, जिने तीवर आपल्या आजीच्या तळव्याचा ठसा घेतला होता. आजी दरम्यान वारली होती. त्या फरशीचे तुकडे जोडून मी ती बसवली. तिच्यावरच्या भेगा आजही दिसतात. दुसऱ्या फरशीचा नियम मी तेव्हापासून कधी मोडलेला नाही.

हिवाळ्यात गोठणाऱ्या हवेत सच्छिद्र फरशी आतल्या बर्फाने तडकते, तेथे जास्त तापमानाला भाजलेली, पाणी न शोषणारी माती वापरावी.

८. कागदपत्रे

कागदपत्रांचा कंटाळा करू नये. वाद नेहमी न केलेल्या कागदावरून होतात. चंडीगढचे ‘रॉक गार्डन’ नेकचंद यांनी १९५७ पासून सरकारी जमिनीवर गुपचूप घडवले आणि ते १९७६ मध्ये लोकांसाठी खुले झाले, ही गोष्ट सुंदर आहे. पण तिचा आधार घेऊन कोणी परवानगीविना काम सुरू करू नये. काम सुरू होण्यापूर्वी पुढील कागद हाती असावेत:

– जमीनमालकाचे लेखी संमतीपत्र आणि स्थानिक प्रशासनाची परवानगी
– भूमिगत वाहिन्यांचे नकाशे आणि माती परीक्षणाचा अहवाल
– अभियंत्याने सही केलेली गणिते व नकाशे
– करारनामा, ज्यात हप्ते, मुदत, वाढीव खर्च कोणी सोसायचा, प्रताधिकार, आणि पुढे कधी शिल्प हलवावे किंवा उतरवावे लागले तर शिल्पकाराला कसे कळवायचे हे सारे स्पष्ट असेल
– उभारणीच्या काळाचा आणि नंतरचा विमा
– क्रेनचा उचलण्याचा आराखडा
– सहभागी लोकांची, मुलांच्या बाबतीत पालकांची, नाव व छायाचित्र वापरण्याची संमती
– देखभाल पुस्तिका आणि तिच्या खर्चाची तरतूद

यांपैकी शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. एकूण अंदाजपत्रकात देखभालीचा वेगळा रकाना नसेल तर मी आता काम स्वीकारत नाही.

९. कारखान्यातून जागेवर

जोडणीपूर्वी पूर्ण शिल्प एकदा कारखान्यातच जोडून पाहावे आणि सांध्यांवर खुणा कराव्यात. वाहतुकीची कमाल उंची व रुंदी आधी विचारून त्यानुसार तुकडे पाडावेत. ‘एंजल’ तीन भागांत रस्त्याने नेण्यात आले होते. उचलण्यासाठीचे हूक शिल्पाच्या गुरुत्वमध्यावर कसे येतील हे अभियंत्याकडून ठरवून घ्यावे. जागेवर स्वतःजवळ ओळंबा, पाणसळ, लांब टेप, खडू, नकाशांची छापील प्रत, दोन आकारांचे जास्तीचे नटबोल्ट आणि दुरून दिसेल असे शिरस्त्राण असावे. क्रेनचालकाला खुणा करणारा माणूस एकच असावा आणि तो शक्यतो शिल्पकार नसावा, कारण आपल्या हातून खुणेपेक्षा हातवारेच जास्त होतात.

१०. उभे राहिल्यानंतर

मुले चढणार आहेत, हे गृहीत धरूनच शिल्प तपासावे. मुलाचे धड जाईल पण डोके अडकेल अशा, साधारण ९ ते २३ सेंटिमीटरच्या फटी ठेवू नयेत. हाताच्या उंचीवरील धारदार कडा घासून गोल कराव्यात. गडद धातू भर उन्हात किती तापतो हे तळहाताने पाहावे. उंच धातूचे शिल्प असेल तर विजेपासूनच्या संरक्षणासाठी अर्थिंग तपासून घ्यावे.

देखभाल पुस्तिका दोन पानांची आणि साध्या भाषेत असावी: काय, केव्हा, कशाने पुसायचे, कोणते बोल्ट दरवर्षी तपासायचे, कोणते रसायन कधीही वापरायचे नाही. ती कपाटात न ठेवता प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी. आमच्याकडे ती त्या झाडलोट करणाऱ्या गृहस्थांकडे आहे. खाचेतली पाने काढण्यासाठी त्यांनी स्वतःच वाकवलेल्या तारेचा एक आकडा करून घेतला आहे आणि तो शेंगेच्या आतल्या कडेला, बाहेरून दिसणार नाही असा अडकवून ठेवलेला असतो.